उल्हासच्या काठाने : आंदर मावळ ते वसई

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला उल्हास नदी बहुतेक वेळा नावाशिवायच भेटते. साकेतला ती खाडी, काल्हेरला खाडी, घोडबंदरलाही खाडीच. शाळेत नद्यांचा धडा गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी यांच्यातच संपायचा आणि कोकणातल्या नद्यांच्या वाट्याला 'लांबीने कमी व वेगवान' एवढी एक ओळ यायची. उल्हासची लांबी खरंच फार नाही, १२२ किलोमीटर. पण तिचं खोरं ४,६३७ चौरस किलोमीटरचं आहे आणि कर्जतपासून मीरा-भाईंदरपर्यंत लाखो घरांत याच खोऱ्यातलं पाणी येतं. ती एकदा वरपासून खालपर्यंत बघायची हे माझ्या मनात बरीच वर्षं होतं.

माझे मामा पाणीपुरवठ्यात पंपावर नोकरी करून निवृत्त झाले. त्यांच्यापाशी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "अगं, उगम राजमाचीला म्हणून तिथून सुरुवात केलीस तर अर्धीच नदी बघशील. त्याच्याही मागे जायला हवं. मी येतो बरोबर." मग मामेभावाने गाडी काढली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही तिघं निघालो.

गुरुवार : कान्हे फाटा, टाकवे, ठोकरवाडी

ठाण्याहून पहाटे निघालं की कामशेतच्या पुढे कान्हे फाट्यावर नाश्त्याच्या वेळेला पोहोचता येतं. तिथून टाकव्याचा रस्ता धरायचा. आंद्रा नदीचं खोरं, म्हणून हा आंदर मावळ. भात कापून झालेलं होतं, खाचरांत धसकटं आणि मधून मधून हरभरा. थंडी अजून होती. टाकव्यानंतर गर्दी संपते, रस्ता वळत वळत जातो आणि एका चढावर समोर एकदम पाणी येतं. डोंगरांच्या बोटांमधून आत आत शिरलेलं, निळं, भरलेलं. हा ठोकरवाडीचा जलाशय. टाटांनी वीजनिर्मितीसाठी आंद्रा नदीवर बांधलेलं हे धरण १९२२ सालचं.

मामांनी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेच्या मातीत काडीने रेघा ओढून त्यांनी जे दाखवलं त्यासाठीच ते आम्हाला इथे घेऊन आले होते. आंद्रा जाते इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे इथे पडलेला पाऊस सगळा महाराष्ट्र, मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून पूर्वेच्या समुद्राला मिळायचा. अरबी समुद्र पाठीमागे इतका जवळ असताना! सह्याद्रीची धार पश्चिमेला अशी टोकाला आहे, की पाणी कुठल्या बाजूला पडलं यावर त्याचा समुद्र ठरतो.

शंभर वर्षांपूर्वी माणसाने यात हात घातला. धरण बांधून पाणी अडवलं, डोंगरातून बोगदा काढला आणि पोलादी नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिवपुरीला सोडलं. तिथे ते जनित्रं फिरवतं आणि मग परत वर येत नाही. पेज नदीत जातं, पेज उल्हासला मिळते. "शहाडला मी जे पाणी उपसायचो ना," मामा म्हणाले, "त्यातलं उन्हाळ्यातलं बरंचसं हे. कृष्णेचं. आपण ठाण्यात बसून कृष्णेचं पाणी पितो."

मी भूगोल घेऊन पदवीधर झाले आणि जन्मापासून ठाण्यात राहते, तरी हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पाण्याच्या कडेने आणखी आत गेलं की खांडी, कुसूर अशी गावं लागतात. कुसूरहून कोकणात उतरणारा जुना घाट आहे, तो खाली भिवपुरीलाच जातो. पाण्याने जी वाट बोगद्यातून घेतली तीच वाट बैलांनी आणि माणसांनी त्याच्या आधी कितीतरी शतकं पायांनी घेतली होती. वाटेतल्या एका घरी आम्ही ताक मागितलं. घरातल्या आजींनी तांब्याभर ताक, वर मीठ-मिरची आणि बसायला घोंगडी दिली. धरणाचा विषय निघाला तसं त्यांनी पाण्याकडे हात केला. "आमच्या आजेसासूचं घर तिकडं व्हतं. चांगली भाताची रानं, नदीकाठची. ती समदी पाण्याखाली. आमी मंग वर सरकलो." मी विचारलं, मोबदला मिळाला का? त्या म्हणाल्या, "मिळाला आसंल. आमच्यापातूर गोष्टच आली."

शेजारच्याच मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो इतिहासात नोंदला गेला. तिथलं पाणी भिऱ्याला उतरून कुंडलिकेला मिळतं. आंदर मावळातली गावं तशी कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

पाणी पश्चिमेला वळवण्याची ही गोष्ट पुढे राज्याराज्यांत गेली. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं यावर मर्यादा घातली. हे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात सोडा, दुष्काळी भागाला त्याची जास्त गरज आहे, ही मागणीही अधूनमधून जोर धरते. सोलापूरकडच्या शेतकऱ्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण मग बदलापूरच्या, कल्याणच्या उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न त्याच मागणीच्या पोटात आहे. तो ठाणे जिल्ह्यात फार कुणी बोलून दाखवत नाही, कारण हे पाणी वरून येतं हेच फार जणांना ठाऊक नाही.

_जाणाऱ्यांसाठी :_ धरणाच्या भिंतीवर प्रवेश नाही, जलाशय रस्त्यावरूनच बघायचा. आंदर मावळात पुढे पुढे हॉटेलं नाहीत, टाकव्याला खाऊन घ्या किंवा वाटेत घरगुती जेवणाची सोय विचारा. भाकरी, पिठलं आणि इंद्रायणी तांदळाचा भात मिळाला तर सोडू नका. पेट्रोल कान्ह्यालाच भरा. रात्री आम्ही लोणावळ्याला मुक्काम केला.

शुक्रवार : राजमाची, कोंडाणे, कर्जत

मामा गाडीने थेट कर्जतला उतरले. मी आणि भाऊ स्थानिक जीप ठरवून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला गेलो. लोणावळ्यापासून हा रस्ता पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, पण हाडं खिळखिळी करतो. चालत जाणारे जास्त सुखी असतात असं माझं मत झालं.

राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. श्रीवर्धनवर चढलं की उत्तरेची खोल दरी दिसते. उल्हास इथे उगम पावते. एखादं कुंड, गोमुख, देऊळ असं काही बोट दाखवायला नाही. कातळाच्या भिंतींवरून पावसाळ्यात शेकडो धारा पडतात आणि तळाशी त्यांची नदी होते. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आम्ही गेलो तेव्हा मात्र भिंती कोरड्या होत्या, दगडांवर पावसाळी पाण्याचे काळे ओघळ तेवढे उमटलेले. तळाशी हिरवी रेघ होती, तीही झाडांची. सावरीला लाल फुलं आली होती आणि त्यांच्यावर साळुंक्यांची नुसती झुंबड.

उधेवाडीत एका घरी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि लसणाची चटणी जेवलो. जेवणानंतर उदयसागर तळ्याच्या काठी थोडं टेकलो आणि कोंडाण्याच्या वाटेने उतरायला लागलो. उतार अंगावर येणारा आहे, आम्हाला तीन तासांच्या आसपास लागले. सुकलेल्या पानांवरून पाय सटकतो, म्हणून चांगल्या तळव्याचे बूट हवेत.

कोंडाण्याची लेणी आम्ही दुपार कलताना गाठली. इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची ही बौद्ध लेणी, सोळा. चैत्याच्या कमानीला दगडात कोरलेल्या लाकडी वाश्यांची नक्कल आहे, अगदी वाशाची टोकं बाहेर आलेली दिसतात इथपर्यंत. चैत्याच्या बाजूला एका भग्न मूर्तीचं डोकं आहे आणि त्याच्याशी ब्राह्मी अक्षरं : कण्हाचा शिष्य बलक याने केलं. नाव लिहून ठेवणारा कारागीर! मला त्या अक्षरांवरून बोट फिरवायचा मोह झाला, पण फिरवलं नाही. लेण्यासमोरच्या ओढ्यात दगड होते, वाळलेलं शेवाळ होतं आणि एका खोलगट डोहात गुडघाभर पाणी. हीच उल्हास. फेब्रुवारीतच ही गत, तर एप्रिलमध्ये काय राहत असेल!

संध्याकाळी कोंदिवड्याहून रिक्षाने कर्जत. मामांच्या जुन्या सहकाऱ्याच्या वाडीवर पोपटीचा बेत होता. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घातला, वर वालाच्या गावठी शेंगा, त्यात मीठ-ओवा, मग कांदे, बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात बांधलेली मसाला चोपडलेली कोंबडी. वर पुन्हा पाला कोंबून मडकं शेतात उपडं ठेवलं आणि भोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेतच सगळं शिजतं. शिजलं की नाही ते यजमानांनी तापल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारून आवाजावरून ठरवलं. भांबुर्ड्याचा तो उग्र, ओव्यासारखा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना होता. पोपटी डिसेंबर ते फेब्रुवारी एवढीच, शेंगा कोवळ्या असेपर्यंत. कर्जत, पेण, अलिबागकडे कुणी ओळखीचं असेल तर या दिवसांत हक्काने फोन करावा.

शनिवार : भिवपुरी, पेज, बदलापूर, शहाड

सकाळी आधी भिवपुरी कॅम्प. एक सूचना : वीजगृह भिवपुरी रोड स्टेशनपाशी नाही. ते कर्जतच्या पूर्वेला घाटाच्या पायथ्याशी आहे, तेव्हा कर्जतला उतरूनच रिक्षा करा. आत जायला परवानगी लागते. पण डोंगरावरून सरळ खाली आलेले नळ दुरूनही दिसतात आणि बघायला आलेल्याला तेवढं पुरतं. गुरुवारी वर उभं राहून पाहिलेलं पाणी त्या नळांतून माझ्यासमोर येत होतं. १९२२ पासून हे चालू आहे. टाटांचं खोपोलीचं वीजगृह त्याआधीचं, १९१५ चं. तिथलं पाणी पाताळगंगेला जातं.

वीजगृहातून सुटलेलं पाणी जिथे पेजेत येतं तिथून पुढे सगळंच बदलतं. आदल्या दिवशी कोरडा ओढा बघितलेला, आणि इथे दोन्ही काठ भरून धावणारी गार, स्वच्छ नदी. काठाला उंबर, करंज, पाण्यावर धीवर. पुढे राजनाल्याच्या कालव्यावर गेलो तर खाचरांत उन्हाळी भाताची लावणी चालू. भर फेब्रुवारीत कमानीसारखे वाकलेले माणसांचे कणे, घोट्याभर चिखल, हिरवी रोपं! एक शेतकरी बांधावर येऊन बसले. दुबार पीक कसं परवडतं विचारलं तर म्हणाले, "पाणी आहे म्हणून. ह्याला आम्ही टाटाचं पाणी म्हणतो. कालव्याला वेळेत सुटलं तर भात, नाही सुटलं तर सगळं फुकट." कालवा कुठे फुटलाय, कुठे गाळ साठलाय, शेवटच्या शेताला पाणी का पोहोचत नाही हे त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. त्यांच्या घरची पोरं कर्जतहून लोकलने ठाण्याला नोकरीला येतात.

पेजेत उतरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. विजेची मागणी वाढली की जनित्रं चालू होतात आणि नदीची पातळी एकाएकी चढते. आभाळात ढग नसतानाही चढते. गावातली माणसं वेळ ओळखून असतात, बाहेरून सहलीला आलेली बुडतात. काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

कर्जतच्या पुढे, नेरळच्या अलीकडे पेज उल्हासला मिळते. नेरळ-कळंब रस्त्यावर दहिवलीच्या पुलावर आम्ही थांबलो. इथे ती पहिल्यांदा मला मोठी नदी वाटली. मोठ्या पावसात हा पूल पाण्याखाली जातो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं होतं, ते याच नदीचं पाणी. मामांना मात्र २६ जुलै २००५ आठवतो. "रात्री पंपहाऊसच्या पायऱ्या एक एक करून जात होत्या. मोटारी बंद केल्या आणि वर जाऊन बसलो. खाली सगळी नदी, आणि शहराला प्यायला पाणी नाही. पूर आला की पहिली टंचाई पिण्याच्या पाण्याची होते, हे लोकांना पटत नाही."

बदलापूरला ब्यारेजपाशी पाणी अडवलेलं दिसतं. मग मुरबाडच्या बाजूने बारवी येते. एमआयडीसीचं बारवी धरण १९७२ चं. तिथून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत येतं आणि जांभूळला उचलून शुद्ध केलं जातं. इथपासून मामांची भाषाच बदलली. जॅकवेल, रॉ वॉटर, टर्बिडिटी, तुरटीचा डोस. गाडीच्या खिडकीतून प्रत्येक मोठ्या पाइपलाइनकडे बघून ते सांगत होते, ही कुठली, कुठे जाते, कुठल्या साली टाकली. ठाणे शहराला चार वाटांनी पाणी मिळतं : भातसेच्या पाण्यावर महापालिकेची स्वतःची योजना, शहाडला उल्हासमधून उचलणारी 'स्टेम' ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. सोसायटीच्या ग्रुपवर 'शुक्रवारी शटडाऊन' असा मेसेज येतो तेव्हा अमुक भागाला पाणी येतं आणि तमक्या भागाला येत नाही, त्याचं कारण हे. नवी मुंबई याबाबतीत सुखी, तिचं स्वतःचं मोरबे धरण आहे.

अंबरनाथचं शिवमंदिर वाटेत होतं म्हणून तासभर तिथे घालवला. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन देऊळ वालधुनी नदीच्या काठी आहे. देवळाच्या भिंतीवरचं शिल्प हाताच्या अंतरावरून बघताना दम लागतो इतकं आहे, आणि शेजारची वालधुनी बघताना मान खाली जाते. अंबरनाथ-उल्हासनगरचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन ती कल्याणला उल्हासमध्ये जाते. उल्हासनगर तर नदीचंच नाव घेतलेलं शहर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं होतं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे शहराची पायाभरणी झाली. सिंधू सोडून आलेल्या माणसांना दुसऱ्या नदीचं नाव मिळालं. आम्ही तिथे दाल-पकवान खाल्लं, जरूर खावं, सकाळी लवकर गेलात तर कुरकुरीत मिळतं.

शहाडला पुलावरून नदी बघितली तेव्हा काठालगत जलपर्णीचा जाड हिरवा थर होता. घरगुती सांडपाण्यातलं खत खाऊन ती फोफावते. मामा बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. "जाळीत ही अडकली की माणसं उतरवून हाताने काढायला लागायची. मोटार ओढ घेत नाही." मोहन्याच्या बंधाऱ्याच्या वर गोडं पाणी, खाली कल्याणच्या खाडीतून चढणारी भरती. त्या गोड्या पाण्याच्या शेवटच्या टप्प्यावर एवढी शहरं तोंड लावून बसली आहेत आणि त्याच टप्प्यात नाले सोडले आहेत. याचा मला राग येतो, आणि तो यावा असंच वाटतं.

रविवार : कल्याण, कळवा, ऐरोली

टिटवाळ्याकडून काळू भातसेचं पाणी घेऊन येते आणि कल्याणपाशी उल्हासचं पात्र रुंदावतं. दुर्गाडी किल्ल्यावरून हे छान दिसतं. कल्याण सातवाहनकाळापासूनचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याचं आरमार याच खाडीत आकाराला आलं. घाटावरच्या राज्याला समुद्राचं दार मिळालं ते या नदीमुळे. आता हीच नदी कागदोपत्री राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ आहे. २०१६ च्या कायद्यात ज्या १११ जलमार्गांची यादी आहे त्यातला एक. बोटी मात्र अजून मोजक्याच.

ठाण्याजवळ नदीला दोन वाटा फुटतात. मोठं पाणी काल्हेर, कोलशेत, घोडबंदर असं साष्टी बेटाला वरून वळसा घालून वसईला जातं. दुसरी अरुंद वाट साकेत-कळव्याकडून ठाण्याच्या खाडीत उतरते. कळव्याला रेल्वेच्या पुलावरून लोकल जाते तेव्हा बहुतेकांची मान मोबाइलमध्ये असते. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली आणि १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत पुढे गेली ती याच खाडीवर पूल बांधून.

दुपारी ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोट घेतली. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा आधी बुकिंग करा आणि दुर्बीण न्या. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. रोहित पक्षी नोव्हेंबरपासून मेपर्यंत इथे असतात. चिखलावर हजारोंचा थवा होता. बोटीचं इंजिन बंद केल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला, बदकांच्या कलकलीसारखा, सतत. मान उलटी घालून चोच पाण्यात फिरवत ते चालत होते, आणि त्यांच्या पायांनी ढवळलेल्या गाळाच्या रेघा मागे राहत होत्या. बोटीवरच्या कोळी दादांनी तिवरांच्या मुळांत निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे, दाखवल्या. त्यांच्या लहानपणी इथे जिताडा मासा किती मिळायचा आणि आता जाळं टाकलं तर पहिल्यांदा प्लास्टिक येतं, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. रात्री ठाण्यात आपल्याच घरी झोपलो. प्रवासातला सगळ्यात स्वस्त मुक्काम!

सोमवार : गायमुख, भाईंदर, वसई

घोडबंदर रस्त्याबद्दल ठाणेकरांना काही सांगायला नको. गायमुखला सकाळी लवकर पोहोचलो. एका बाजूला येऊरचं जंगल थेट खाली उतरलेलं, दुसऱ्या बाजूला रुंद पाणी आणि पलीकडे कामणचे डोंगर. ठाण्याच्या जवळ इतकं मोठं दृश्य दुसरं नाही, आणि बहुतेक जण ट्रॅफिककडे बघतच इथून जातात.

भाईंदरहून वसईला रो-रो बोट २०२४ पासून सुरू आहे. गाडी बोटीत चढवली आणि पाव तासाच्या आसपास पलीकडे उतरलो. रस्त्याने हाच वळसा केवढा पडतो! वेळापत्रक बदलत असतं, निघायच्या आधी बघून घ्या. उजव्या हाताला रेल्वेचे पूल आणि पाणजू बेट, डाव्या हाताला उघडा समुद्र. वारा जोरात होता. समोर वसईच्या किल्ल्याचा तट, ज्यासाठी चिमाजी अप्पांच्या सैन्याने लढून मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांना नमवलं. हे मुख ज्याच्या हातात, त्याच्या हातात कल्याणपर्यंतचा सगळा व्यापार, हे बोटीतून बघताना नकाशाशिवाय समजतं.

मामांनी खिशातून छोटी बाटली काढली. गुरुवारी त्या आजींच्या घरी भरून घेतलेलं पाणी त्यात होतं. मला वाटलं ते समुद्रात ओततील. त्यांनी झाकण उघडलं आणि पिऊन टाकलं. "ह्याला इथवर यायला नदीतून कितीतरी दिवस लागले असते," एवढंच म्हणाले.

किल्लाबंदरला वाळत घातलेल्या बोंबलांच्या परातींमधून, म्हणजे बांबूच्या मांडवांमधून, वाट काढत गेलो. एका कोळणीकडून सुके बोंबील घेतले, वसईच्या बाजारात सुकेळी घेतली. सुकेळी घेताना पानात बांधलेली, रंगाने गडद आणि हाताला चिकट लागणारी बघून घ्यावी. दुपारी जेवायला तळलेला बोंबील आणि कोळंबीचं कालवण.

कुणाला हा सगळा काठ करायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत करावा. पावसाळ्यात नदी देखणी असते, पण तेव्हा वरपासून खालपर्यंत सगळीकडेच पाणी असतं आणि कोरडी उल्हास व भरलेली पेज हा फरक दिसत नाही. राजमाचीहून कोंडाण्याची वाट पावसात निसरडी होते, नवख्यांनी त्या दिवसांत उतरू नये. गाडी नसेल तरी अडत नाही : कामशेत, लोणावळा, कर्जत, नेरळ, बदलापूर, शहाड, कल्याण, कळवा, ऐरोली, भाईंदर, वसई, प्रत्येक ठिकाणी रेल्वेचं स्टेशन आहे. आंदर मावळासाठी तेवढी कामशेतहून गाडी ठरवावी लागेल. आणि तिथे गेलात तर खाऊचा एखादा पुडा जास्त न्या, त्या वाडीतली मुलं रस्त्यावरच खेळत असतात.